एका चेहऱ्याची वंशावळ: जुन्या व्यक्तिचित्रांचे संग्रह कसे वाचायचे

अब्राहम लिंकन यांचं पूर्ण उंचीचं एक छापील चित्र आहे. लिंकन ऐटीत उभे आहेत आणि शेजारच्या टेबलावरच्या कागदांवर ‘राज्यघटना’, ‘संघराज्य’, ‘मुक्तीची घोषणा’ असे शब्द दिसतात. १८६५च्या सुमाराला ते बाजारात आलं आणि लोकांनी ते घरात लावलं. कित्येक वर्षं त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मग जुन्या छायाचित्रांचे जाणकार स्टीफन लोरंट यांना एक तीळ खटकला. लिंकन यांच्या उजव्या गालावर तीळ होता, आणि या चित्रात तो डाव्या गालावर आहे.

त्या तिळाचा माग काढला तेव्हा सगळं उलगडलं. चेहरा आला होता फेब्रुवारी १८६४मध्ये मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोवरून, पण डाव्याचा उजवा होऊन. आणि धड लिंकन यांचं नव्हतंच. ते होतं जॉन कॅल्हून यांचं, म्हणजे गुलामगिरीची जाहीर तरफदारी करणाऱ्या, १८५०मध्येच वारलेल्या पुढाऱ्याचं. ए. एच. रिची यांनी १८५२च्या सुमाराला कोरलेल्या कॅल्हून यांच्या चित्रात त्याच कागदांवर ‘काटेकोर राज्यघटना’, ‘मुक्त व्यापार’ आणि ‘राज्यांचं सार्वभौमत्व’ असं लिहिलेलं आहे. डोकं बदललं, शब्द बदलले, बाकी सगळं तसंच राहिलं.

हे उघडकीला आलं, कारण दोन्ही चित्रं आणि मूळ फोटो कुणीतरी जपून ठेवले होते. व्यक्तिचित्रांच्या संग्रहाचं काम नेमकं काय, हे मला या एका गोष्टीतून सगळ्यात स्पष्ट दिसतं. नुसते चेहरे साठवणं हे त्याचं काम नव्हे. कोणता चेहरा कुणाच्या हातून, कशावरून आणि कधी आला, ही वंशावळ राखणं हे त्याचं काम आहे. वंशावळ तुटली की चित्र उरतं, पण ते पुरावा म्हणून उभं राहत नाही.

फोटो नव्हता तेव्हा राजा, सेनापती, कवी, धर्मगुरू कसे दिसतात हे लोकांना कळायचं ते छापील चित्रांतून. तैलचित्र एकच असतं आणि ते महालात टांगलेलं असतं. छापाच्या मात्र शेकडो प्रती निघतात आणि त्या विकत घेता येतात. म्हणून अशा छापांचे ढीग आधी हौशी लोकांकडे जमले आणि मग संस्थांकडे आले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६७ साली मिशेल द मारोल नावाच्या एका मठाधिपतीचा संग्रह विकत घेतला, त्यात १ लाख २० हजारांहून जास्त छाप होते. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला मुद्राचित्रांचा विभाग त्या खरेदीतून उभा राहिला. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ साली स्थापन झाली, ती तर केवळ व्यक्तिचित्रांसाठीच. चित्र किती सुंदर आहे यापेक्षा त्यातला माणूस कोण, हे तिथे पहिल्यापासून महत्त्वाचं मानलं गेलं. तिच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर शेक्सपिअर यांचं म्हणून ओळखलं जाणारं तैलचित्र आहे.

आता छाप म्हणजे प्रत्यक्षात काय, हे जरा सावकाश पाहू. कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. टोकदार पोलादी कोरणी तळहाताने रेटत त्यात रेघ खोदतात. रेघ वळवायची असेल तर हात जवळपास स्थिर ठेवून खालचा पत्राच फिरवतात. कोरून झालं की पत्र्यावर शाई चोळतात आणि वरची शाई पुसून काढतात, खाचांमधली तेवढी राहते. मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून पत्रा ओढतात. इतका दाब पडतो की कागद खाचेत शिरून शाई उचलून आणतो. जुन्या छापावरून बोट फिरवलं तर रेघा किंचित उठलेल्या लागतात, त्या यामुळे. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाबही उमटलेला असतो. (बोट खरंच फिरवू नये. हाताचा तेलकटपणा कागदात मुरतो. तिरप्या उजेडात धरलं तरी हे दिसतं.)

या पद्धतीत करडा रंग नसतो. शाई एकच, काळी. गालावरची सावली रेघा जवळ आणून, जाड करून किंवा एकमेकींवर तिरप्या टाकून भासवायची असते. हे कौशल्य कुठवर जातं ते पाहायचं तर क्लोद मेलाँ यांनी १६४९मध्ये कोरलेला ख्रिस्ताचा चेहरा पाहावा. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच रेघ गोल गोल फिरत कागदाच्या कडेपर्यंत जाते आणि फक्त तिची जाडी कमीजास्त होऊन डोळे, ओठ, काट्यांचा मुकुट तयार होतो. मी पहिल्यांदा तो भिंगाखाली मोठा करून पाहिला तेव्हा रेघ कुठे तुटते हे शोधत बसलो होतो. ती तुटत नाही.

नंतर दुसऱ्या रीती आल्या. १६४२ साली लुडविग फोन झीगेन यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. दातेरी हत्याराने आधी सगळा पत्रा खरखरीत करायचा, म्हणजे छापला तर पूर्ण काळा येईल, आणि मग उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. अंधारातून चेहरा बाहेर येतो. मखमली काळा रंग यात मिळतो म्हणून व्यक्तिचित्रांसाठी, विशेषतः इंग्लंडमध्ये, ही रीत फार गाजली. पण तो खरखरीतपणा नाजूक असतो. पहिल्या काही प्रती गडद येतात, शंभर-दोनशे प्रतींनंतर सगळं फिकट पडू लागतं. म्हणून एकाच पत्र्यावरची लवकरची प्रत आणि उशिराची प्रत शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या माणसांसारखी दिसू शकते, एक कोवळा आणि एक निस्तेज. एकोणिसाव्या शतकात तांब्याऐवजी पोलादी पत्रे आले तेव्हा हजारो प्रती निघू लागल्या.

आणखी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. छापताना चित्र उलटतं. पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा होतो. कसलेला कारागीर आरशातलं प्रतिबिंब कोरावं तसं उलटं कोरतो. पण दुसऱ्याच्या छापावरून घाईत नक्कल करणारा बहुतेक वेळा समोर दिसतं तसंच कोरून मोकळा होतो, आणि त्याची प्रत उलटी निघते. त्यामुळे एका चित्रात माणूस डावीकडे पाहतो आणि दुसऱ्यात उजवीकडे, बाकी सगळं सारखं, असं दिसलं की नक्कल कोणती याचा पहिला संशय तिथे येतो. लिंकन यांचा तीळ हे याच जातीचं प्रकरण.

चित्राखालच्या बारीक ओळी

चित्र पाहण्याआधी खालचा मजकूर वाचायची सवय लावून घ्यावी. युरोपीय छापांवर डाव्या कोपऱ्यात एक नाव असतं आणि त्यापुढे ‘पिंक्सिट’, म्हणजे याने रंगवलं. उजव्या कोपऱ्यात दुसरं नाव आणि ‘स्कल्प्सिट’, म्हणजे याने कोरलं. ‘डेलिनेआविट’ म्हणजे याने रेखाटलं. ‘एक्सक्युडिट’ हा शब्द सहसा प्रकाशकाच्या नावापुढे येतो. तीन-चार लॅटिन शब्दांत चित्राचा अर्धा इतिहास सांगितलेला असतो. ज्याने माणूस प्रत्यक्ष समोर बसवून पाहिला तो बहुधा पहिला. कोरणाऱ्याने पुष्कळदा त्या माणसाला आयुष्यात पाहिलेलंही नसतं.

ब्रिटनमध्ये १७३५ साली चित्रकार विल्यम होगार्थ यांच्या पुढाकाराने कोरीव चित्रांना स्वामित्वहक्क देणारा कायदा झाला. हक्क हवा असेल तर पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख घालणं भाग होतं. आज त्या ओळी संग्रहपालांसाठी वरदान आहेत, कारण तारीख छापावरच सापडते. आणि म्हणूनच कात्रीने कडा कापलेला छाप हातात आला की जीव हळहळतो. चेहरा पूर्ण असतो, पण त्याची ओळख सांगणारी पट्टी कुणीतरी चौकटीत बसवण्यासाठी छाटून टाकलेली असते.

अशी छाटाछाट फार झाली आणि तिच्यामागे एक पुस्तकही आहे. जेम्स ग्रेंजर नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १७६९ साली इंग्लंडमधल्या नामवंतांची चरित्रात्मक यादी प्रसिद्ध केली, आणि ती मांडली उपलब्ध छापील चित्रांच्या आधारे. लोकांना नादच लागला. त्या यादीतली चित्रं मिळवायची आणि पुस्तकं उसवून, मध्ये चिकटवून, जाडजूड खंड बांधून घ्यायचे. चित्रांच्या किमती वाढल्या. चित्रासाठी इतर जुनी पुस्तकं फाडली गेली. अशा पुस्तक सजवण्याला इंग्रजीत ग्रेंजर यांच्या नावाचंच क्रियापद पडलं. किती पुस्तकं त्यात मोडली याचं वाईट वाटतं. पण जी चित्रं सुटी राहिली असती तर हरवली असती, त्यातली बरीच या चिकटवलेल्या खंडांमुळेच आज संस्थांमध्ये आहेत.

ग्रेंजर यांची वर्गवारी बघण्यासारखी आहे. बारा वर्ग. पहिल्यात राजे-राण्या-राजपुत्र, मग हुद्द्याप्रमाणे खाली खाली. राजघराण्याबाहेरच्या बहुतेक स्त्रिया अकराव्या वर्गात. आणि बाराव्यात तळागाळातली माणसं, जी आयुष्यातल्या एकाच गोष्टीमुळे लक्षात राहिली, म्हणजे फार म्हातारी झाली, शरीराने वेगळी होती किंवा गुन्हेगार ठरली. कुणाचा चेहरा जपायचा, हे ठरवणाऱ्यांचं मन या यादीत उघडं दिसतं. संग्रहात कोण नाही, हे विचारताना मला ही बारा खान्यांची फळी आठवते.

हा खरंच तो माणूस आहे का?

जुन्या छापांबद्दल हा प्रश्न रोजचा आहे. १४९३मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या एका जगाच्या इतिहासग्रंथात १८०९ चित्रं आहेत, पण लाकडी ठोकळे ६४५च. तोच चेहरा एका पानावर एका राजाचा, दुसऱ्या पानावर भलत्याच विद्वानाचा. त्या काळच्या वाचकाला यात फसवणूक वाटत नसावी. चित्र म्हणजे ‘इथे एक राजा आहे’ एवढी खूण होती.

हुबेहूब चेहऱ्याची भूक हळूहळू वाढली. सोळाव्या शतकात इटलीतल्या पाओलो जोव्हिओ यांनी कोमो सरोवराकाठच्या आपल्या घरात नामवंतांची शेकडो चित्रं जमवली आणि शक्य तिथे अस्सल चेहऱ्यावरून काढलेलंच चित्र हवं असा आग्रह धरला. तो संग्रह पुढे विखुरला. पण फ्लॉरेन्सच्या कोझिमो मेदिची यांनी १५५२मध्ये चित्रकार पाठवून नकला करवून घेतल्या होत्या, त्या आज उफीझी संग्रहालयात आहेत. जोव्हिओ यांच्या पुस्तकाची बाझेलला निघालेली सचित्र आवृत्ती वेगळी, तिच्यासाठी लाकडी ठोकळे कोरले गेले. म्हणजे एकाच मूळ चित्रापासून एकीकडे रंगीत नक्कल आणि दुसरीकडे काळा छाप. कोणतं चित्र कशावरून निघालं हे माहीत असेल तरच त्यावर कितपत भरवसा ठेवायचा ते ठरवता येतं.

शेक्सपिअर यांचा सगळ्यांना ठाऊक असलेला कोरीव चेहरा १६२३च्या नाटकसंग्रहात आला. कोरणारे मार्टिन ड्रूसहाउट. कवी वारले १६१६ साली, तेव्हा ड्रूसहाउट जेमतेम पंधरा वर्षांचे. त्यांनी तो समोर बसवून काढला असण्याची शक्यता कमीच, कुठल्या तरी चित्रावरूनच कोरला असणार. तरी तो मोलाचा आहे, कारण शेक्सपिअर यांना ओळखणारे लोक तेव्हा हयात होते आणि त्यांनीच हा चेहरा पुस्तकात जाऊ दिला.

आणि पिएर लोंबार यांचा घोडेस्वार तर अजबच. सतराव्या शतकाच्या मध्याला कोरलेल्या या पत्र्यावर घोडा, चिलखत, नोकर सगळं तेच, पण सत्ता बदलली की डोकं बदललं. कधी इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेले ऑलिव्हर क्रॉमवेल, कधी चौदावा लुई, कधी ज्यांचा क्रॉमवेल यांच्या बाजूने शिरच्छेद केला ते इंग्लंडचे राजे पहिले चार्ल्स. तांबं मऊ असतं. नको तो भाग खरवडायचा, पाठीमागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचं. मधल्या एका टप्प्याचा छाप शिल्लक आहे, त्यात घोड्यावरच्या माणसाला डोकंच नाही. पत्र्याच्या अशा प्रत्येक टप्प्याला जाणकार ‘अवस्था’ म्हणतात आणि नोंदीत ‘पहिली अवस्था’, ‘तिसरी अवस्था’ असं लिहितात. ‘एकसारखी चित्रं आहेत, एक ठेवा, बाकीची काढा’ असं कुणी म्हणालं असतं तर ही गोष्ट आपल्याला कधीच कळली नसती.

फोटो आला म्हणजे शंका मिटली का

१८३९ साली फ्रान्सच्या दागेर यांची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर थेट उमटणारी प्रतिमा, एकच, निगेटिव्ह नाही. आणि आरशासारखी उलटी. पुढच्या काळातल्या स्वस्त लोखंडी पत्र्यावरच्या फोटोंनाही तोच गुण. अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं मानत होते, कारण त्याच्या प्रसिद्ध फोटोत पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं. पण त्याच फोटोतल्या रायफलचं गोळ्या भरायचं दार चुकीच्या बाजूला आहे. फोटो उलटा होता, माणूस नाही.

१८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवरच्या ओल्या थराची पद्धत प्रसिद्ध केली आणि एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटे फोटो टिपण्याचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढे हे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून विकले जायचे. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे असे फोटो १८६०मध्ये विक्रीला आले आणि घराघरांत अल्बम भरू लागले. मावशीच्या फोटोशेजारी सेनापतीचा फोटो, अशी ती पानं.

या कार्डाची पाठ नेहमी पाहावी. स्टुडिओचं नाव, पत्ता, कधी निगेटिव्हचा क्रमांक. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर युद्धखर्चासाठी कर होता, त्यामुळे पाठीवर महसुली तिकीट दिसलं तर कार्ड त्या दोन वर्षांत विकलं गेलं असं समजता येतं. स्टुडिओचा पत्ता बदललेला असेल तर तारखेची आणखी एक सीमा मिळते. क्रमांकाची वही शिल्लक असेल तर भाग्यच. कामीय सिल्व्ही यांच्या लंडनमधल्या स्टुडिओच्या वह्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. बैठकीच्या क्रमाने चिकटवलेला एकेक फोटो आणि त्याखाली बसणाऱ्याचं नाव. एरवी निनावी राहिलेले कितीतरी चेहरे अशा वह्यांमुळे ओळखीचे होतात.

चेहरे एवढे कठोर का, हे लोक हमखास विचारतात. काच ओली असेपर्यंतच काम उरकायचं, काही सेकंद हलायचं नाही, मानेमागे लोखंडी आधार. इतका वेळ हसू टिकत नाही. शिवाय त्या काचेला निळा रंग जास्त आणि लाल-पिवळा कमी कळायचा. त्यामुळे निळे डोळे पांढुरके येतात आणि तांबूस त्वचा, ठिपके गडद येतात. माणसाच्या रंगावरून, प्रकृतीवरून निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही.

तरीही फोटोने काय बदललं हे समजून घ्यायचं तर फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे बघावं. गुलामगिरीतून निसटलेले हे वक्ते एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेले अमेरिकन मानले जातात. त्यांचे १६०च्या आसपास वेगवेगळे फोटो संशोधकांनी शोधून काढले आहेत. गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचं निःपक्षपाती चित्र निघणं अशक्य, असं त्यांनी स्वतःच्या वृत्तपत्रात लिहिलं होतं. कॅमेऱ्यावर त्यांचा भरवसा होता. गुलामगिरीतूनच सुटलेल्या सोजर्नर ट्रूथ या बाईंनी आपले फोटो छापून घेऊन सभांमध्ये विकले आणि त्यावर ओळ छापली की, देह जगवण्यासाठी मी ही सावली विकते. ग्रेंजर यांच्या अकराव्या आणि बाराव्या खान्यातली माणसं इथे स्वतःचा चेहरा स्वतः ठरवत होती. असे फोटो संग्रहात नावानिशी, तारखेनिशी नोंदलेले असणं ही साधी गोष्ट नाही.

वर्तमानपत्रांना मात्र १८८०च्या दशकापर्यंत फोटो थेट छापता येत नव्हता. फोटो पाहून लाकडावर कोरायचं आणि खाली लिहायचं ‘ब्रेडी यांच्या फोटोवरून’. म्हणजे पुन्हा कारागिराचा हात मध्ये आलाच. नंतर ठिपक्यांची छपाई आली. भिंगाखाली सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ते छापील पान आहे, मूळ फोटो नव्हे. जुनं म्हणून दाखवलं जाणारं पुष्कळ काही इथेच उघडं पडतं.

आज मोठ्या संस्थांचे हे संग्रह इंटरनेटवर खुले आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण चित्र उतरवून घेताना नोंदही उतरवून घ्यावी एवढी कळकळीची विनंती. संस्था, नोंदणी क्रमांक, कोणी काढलं, कशावरून, कोणती अवस्था. बहुतेक जण चेहरा कापून घेतात आणि बाकी सोडून देतात. कात्रीने कडा छाटणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं. चित्र मग फिरत राहतं, कुणी ते रंगवतं, कुणी यंत्राकडून ‘स्पष्ट’ करून घेतं, आणि कधी न पाहिलेल्या सुरकुत्या, न झालेलं हसू त्या माणसाच्या नावावर चढतं.

५ फेब्रुवारी १८६५ रोजी अलेक्झांडर गार्डनर यांनी लिंकन यांचा फोटो काढला. मोठी काच होती आणि ती तडकली. गार्डनर यांनी तिच्यावरून एकच प्रत काढली आणि काच टाकून दिली. ती प्रत आता वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. लिंकन थकलेले आहेत, ओठांवर हसू आहे की नाही ते ठरवता येत नाही, आणि कपाळाच्या वर, केसांमधून एक तडा चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला आहे. आज संगणकावर तो पुसून टाकायला मिनिटही लागणार नाही. संग्रहातल्या प्रतीत तो आहे तसा ठेवला आहे. ही काच पुन्हा वापरता आली नाही आणि प्रत एकच आहे, हे त्या तड्यावरूनच कळतं.